मुंढ्यातली चूक

"श्वास सोडा," यागोदा म्हणाली.

"सोडलाय," सेवेरिन बुजिश म्हणाला. आवाज बाटलीत अडकलेल्या माशीसारखा आला.

"कुठं सोडलाय? मला तर दिसत नाही."

सेवेरिननं खाली पाहिलं, जणू श्वास जमिनीवर पडला असेल आणि आपण तो उचलून दाखवू. पोट मात्र बाहेर आलं नाही. यागोदानं टेप त्याच्या कमरेभोवती सैल धरली आणि वाट पाहिली. तिला घाई नव्हती. पण सेवेरिनचा चेहरा बिटाच्या रंगाकडे निघाला होता, आणि माप देता देता गिऱ्हाईक मेलं तर ते माप धरावं की नाही, याबद्दल कारखान्याचा काही नियम नव्हता.

हा कारखाना पोलंडमधल्या ग्दीन्याच्या बंदरामागे, मासे धुरावर भाजणाऱ्या भट्टीला लागून होता. इथं फक्त ड्रायसूट शिवत. बाल्टिकच्या पाण्यात बुडी मारायची तर पावलापासून गळ्यापर्यंत एकसंध, थेंबही आत न घेणारा सूट लागतो. त्याच्या आत गोधडीसारखा जाड पोशाख, आणि गोधडीच्या आत माणूस. माप घ्यायचं ते गोधडीवरून. सूट सैल झाला तर आतली हवा पायांत पळते आणि माणूस बदकासारखा उलटा तरंगतो. घट्ट झाला तर हात वर होत नाही. म्हणून इथं शिवणाऱ्यापेक्षा माप घेणाऱ्याचा मान मोठा. यागोदा नेत्सेल माप घेणारी होती. तिच्या मापाचा सूट एकदा उंबरा ओलांडून गेला की दुरुस्तीला परत येत नसे. ही गोष्ट अख्ख्या किनाऱ्याला ठाऊक होती, कारण यागोदा ती अख्ख्या किनाऱ्याला सांगत असे.

अडचण एकच होती. टेप दिसली की पुरुष पोट आत घेतात. याला वय, हुद्दा, धर्म कशाचाच अपवाद नाही. एकदा एका पाद्र्यानं माप देताना पोट इतकं आत घेतलं होतं, की त्याची विजार घोट्यांशी येऊन बसली. यावर यागोदानं स्वतःची रीत बसवली होती. ती विनोद सांगायची आणि माणूस हसला की त्याच क्षणी टेप ओढायची. हसताना पोट आत धरून ठेवणारा माणूस देवानं अजून बनवलेला नाही.

"सेवेरिनराव," ती म्हणाली, "पुत्स्कच्या एका कोळ्यानं बायकोला विचारलं, 'मी मेलो तर तू दुसरं लग्न करशील?' ती म्हणाली, 'आधी तुझी जाळी तरी वाळू दे.'"

सेवेरिननं विचार केला. "जाळी दोन दिवसांत वाळते," तो म्हणाला. "वारा असेल तर एकाच."

"बरं, हे ऐका. एक पाणबुड्या चर्चमध्ये पापाची कबुली द्यायला गेला. 'फादर, मी मित्रांना खोटं सांगितलं की पाणी गरम आहे.' फादर म्हणाले, 'बाळा, हे पाप नाही, हे आमंत्रण आहे.'"

"कुठला महिना होता?"

यागोदानं हात टेकले. सेवेरिननं अख्खी नोकरी बंदरातल्या क्रेनच्या केबिनमध्ये काढली होती. तिथं वर माणूस एकटा असतो, आणि एकट्यानं हसणाऱ्या क्रेनवाल्याला खाली उतरवून डॉक्टरकडे पाठवतात. निवृत्त होईपर्यंत त्याची हसण्याची सवय मोडून गेली होती. शेवटी तिनं टेप जे म्हणाली ते लिहून घेतलं, त्यात तळहाताएवढी दया मिळवली आणि आयुष्यात पहिल्यांदा तिला मापाबद्दल रुखरुख लागली.

मागच्या टेबलावर ब्रूनोन सेवेरिनचा जुना सूट तपासत होता. ब्रूनोन हा कारखान्यातला चिकटवणारा. त्याच्या बोटांना सोल्यूशन लागलेलं नसेल तर तो रविवार असायचा. त्यानं सुटाच्या दोन्ही बाह्यांच्या तोंडाशी बाटल्या बसवल्या होत्या, गळ्यात फुटबॉल कोंबला होता आणि आत हवा भरली होती. मुंडकं नसलेल्या महापौरासारखा तो सूट टेबलभर पसरला होता. ब्रूनोननं त्याच्यावर साबणाचं पाणी फिरवलं. महापौर अंगभर फेसाळला.

"आजोबा, याला सूट म्हणत नाहीत," ब्रूनोन म्हणाला. "याला शॉवर म्हणतात. फक्त हा आत पडतो."

"दर बुडीनंतर चेनला मेण लावलंय मी. मधमाशीचं, साधं नाही. आणि गळ्याच्या रबराला पावडर लावलीय, तेवढी स्वतःच्या पोरांना लावली नसेल."

"दिसतंय ना. चेन एकदम नवी आहे. आता चेनच्या भोवती सूट राहिला नाही, एवढंच."

"म्हणून तर नवा शिवायचाय. मोसमाच्या पहिल्या रविवारच्या आत." सेवेरिन गोधडीतून घामेजला होता. "आमच्या क्लबात लुद्विकाबाईनं यंदा नियम काढलाय. पाठीवर हवेच्या टाक्या घ्यायच्या, हात मागं न्यायचे, मानेमागचे दोन्ही व्हॉल्व्ह, डावा डाव्या हातानं, उजवा उजव्या, बंद करून दाखवायचे. ज्याला जमणार नाही त्यानं पाण्यात उतरायचं नाही. किनाऱ्यावर बसून सूप ढवळायचं. यंदा, पुढच्या वर्षी, कायमचं."

"बरोबर आहे की नियम. थंडीनं हवेची तोटी गोठली आणि हवा फसफसा जायला लागली, तर व्हॉल्व्ह कोण बंद करणार? हेरिंग मासा?"

"मी नियमाला कुठं नाव ठेवलं? मी म्हणतोय, जुना सूट आखडलाय. त्यात हात पोचत नाही." तो खिडकीकडे बघत होता. खिडकीत भट्टीच्या भिंतीखेरीज काही नव्हतं. "नव्याचा मुंढा, काखेचा घेर, जरा सैल ठेवा, यागोदाबाई."

"सूप ढवळायला काय वाईट आहे?" यागोदानं विचारलं.

"गेल्या वर्षी लेऑननं ढवळलं. हिवाळ्यात गेला."

"सुपानं?"

"कंटाळ्यानं."

---

सूट झाला. काळा, खांद्यांवर लाल, शिवणींवर आतून पट्ट्या इतक्या नीट चिकटवलेल्या की ब्रूनोन येईल त्याला सूट उलटा करून दाखवत होता. सेवेरिन आत शिरला. गळ्याच्या रबरातून त्याचं डोकं बाहेर यायला वेळ लागला आणि आलं तेव्हा त्यावर पावडर होती आणि चेहऱ्यावर नुकत्याच जन्मलेल्याचा संशय होता. चेन पाठीवर, एका खांद्यापासून दुसऱ्या खांद्यापर्यंत. ती स्वतःची स्वतःला लावता येत नाही; ब्रूनोननं ओढली. अर्ध्यात अडकली.

"श्वास रोखा आजोबा."

सेवेरिननं रोखला. चेन लागली.

"आता सोडा."

सेवेरिननं मान हलवली. नाही.

"सोडा हो!"

सोडला, तेव्हा सुटातून जुन्या जहाजाच्या दोरखंडासारखा आवाज आला.

"पाणबुड्याचा पहिला नियम काय?" ब्रूनोननं विचारलं.

"श्वास कधीही रोखायचा नाही," सेवेरिननं धाप टाकत सांगितलं.

"आणि हा सूट कधी बसतो?"

यागोदा स्टुलावर बसली. तळहाताएवढी दया कमी पडली होती. नियम मोडला तरच घालता येईल असा सूट तिनं शिवून घेतला होता. आणि खरं माप अजूनही त्या माणसाच्या पोटात होतं, जिथून ते बाहेर यायला तयार नव्हतं.

"निदान गळतो का ते तरी बघतो," ब्रूनोन म्हणाला. त्यानं सूट उतरवून घेतला, बाटल्या बसवल्या, फुटबॉल कोंबला आणि रागाच्या भरात हवा जरा जास्तच भरली. फुटबॉल तोफेसारखा उडून छताला लागला. सूट टेबलावरून उठला. उठला म्हणजे खरोखरच उठला. दोन्ही हात पसरून, घुरघुरत, कारखान्याची एक फेरी मारून तो यागोदाच्या गळ्यात पडला आणि तिला घेऊन गोधड्यांच्या ढिगात कोसळला.

ढिगातून यागोदाचे फक्त बूट दिसत होते. तिच्यावर पडल्या पडल्या सूट हळूहळू श्वास सोडत होता.

"यानं सोडला बघा," सेवेरिन म्हणाला. "तुम्ही सांगितल्यावर सोडला."

आणि तो हसला. पुष्कळ वर्षं उभी असलेली क्रेन सुरू व्हावी तसा: आधी कुठंतरी एक करकर, मग एक धक्का, आणि मग सगळं धूड हलायला लागलं. पोट बाहेर आलं. बाहेर आलं आणि येतच राहिलं.

"टेप!" ढिगातून यागोदा ओरडली. "ब्रूनोन, टेप घे! हसतोय तोवर घे!"

ब्रूनोननं माप घेतलं. मग विश्वास बसेना म्हणून पुन्हा घेतलं. दोन्ही कुशींना जोडकापडाच्या रुंद कळ्या घालाव्या लागणार होत्या.

---

कळ्या घातल्यावर सूट असा बसला की सेवेरिन त्यात उकिडवा बसला, गुडघ्यावर आला, वाकून पायाचे अंगठे धरले आणि उगाच एक गिरकीही घेतली. आरशात बघून त्यानं पोट आत घेतलं, तर सुटाला सुरकुती पडली. म्हणून त्यानं ते नाइलाजानं बाहेरच ठेवलं.

"आता हात," यागोदा म्हणाली. "वर आणि मागं."

डावा हात वर गेला, मानेमागं पोचला. उजवा कानापर्यंत गेला आणि थांबला.

"मुंढा," सेवेरिन म्हणाला. "घट्ट आहे."

यागोदानं त्याच्या काखेतलं कापड धरून पाहिलं. मूठभर हातात आलं.

"सूट काढा."

गोधडीत हात कानापर्यंतच गेला.

"हीपण काढा."

सेवेरिन बनियनवर उभा राहिला आणि त्यानं हात वर केला. कान आला. हात थांबला.

"बनियनचा मुंढा घट्ट असेल," ब्रूनोन म्हणाला. आणि मग, म्हणून झाल्यावर, त्याला समजलं. तो फुटबॉल शोधायला गेला.

"क्रेनचा दांडा," सेवेरिन म्हणाला. "सगळी वर्षं याच हातानं ओढला. डॉक्टर म्हणतो, आता जेवढा आहे तेवढा जपा." त्यानं हात खाली घेतला आणि परका असल्यासारखा दुसऱ्या हातात धरला. "मला वाटलं, सूट नवा झाला की त्याच्यातला खांदाही जरा... मूर्खपणा."

"मूर्खपणा कसला? लोक नव्या सुटाच्या भरवशावर लग्नंसुद्धा करतात."

मग तिघांनी मिळून जे जे सुचलं ते केलं. ब्रूनोननं उजव्या मनगटाला दोरी बांधून ती डाव्या हातात दिली, म्हणजे एका हातानं दुसरा ओढून वर न्यायचा. सेवेरिननं ओढली आणि स्वतःच्या डोक्यात टपली मारून घेतली. यागोदानं सुचवलं की टाक्या पाठीवर घेण्याऐवजी दोन्ही काखांत लटकवाव्यात, हल्लीची पोरं लटकवतात तशा, म्हणजे व्हॉल्व्ह हाताशी राहतो.

"किटल्यांसारख्या?" सेवेरिन म्हणाला. "मी काय गवळी आहे?"

शेवटी तो रोज दुपारी येऊन भट्टीच्या भिंतीपुढं उभा राहू लागला. उजव्या हाताची बोटं काजळीवरून मुंगीसारखी वर चढवायची, जमेल तिथपर्यंत. भिंतीवर ठशांची ओळ उमटली. पहिले दोन दिवस ओळ वर सरकली. ब्रूनोन जाता येता ओरडून दाद द्यायचा, "आजोबा, आज झेंडा रोवा!" मग ती एका विटेपाशी थांबली, आणि पुढचे सगळे ठसे त्याच विटेवर पडत गेले.

---

रविवारी ऊन पडलं होतं. क्लबचे लोक किनाऱ्यावर ओळीनं उभे होते, काळे, निळे, फुगीर. पेंग्विनांच्या शाळेत हजेरी चालल्यासारखे. वाटाण्याच्या सुपाचं पातेलं वाळूत चुलीवर ठेवलं होतं आणि त्याच्याजवळ अजून कुणी नव्हतं. यागोदा अशा वेळी कधी जात नसे. सूट एकदा दिला की तो आणि समुद्र बघून घेतील, असं ती म्हणे. आज ती आली होती. ब्रूनोनही आला होता. त्याच्या बोटांना सोल्यूशन नव्हतं, त्यामुळे तो ओळखू येत नव्हता.

लुद्विका फोरमेला पुढं चालत होती. ती पोहण्याची निवृत्त मास्तरीण, गळ्यात शिट्टी.

"पुढचा! हात मागं! बंद कर. उघड. शाब्बास. पुढचा! अरे, तो व्हॉल्व्ह आहे, तुझी पाठ खाजवायची नाहीये. शाब्बास. पुढचा!"

पुढचा सेवेरिन होता. टाक्या पाठीवर, चेन लागलेली, सूट असा बसलेला की दोघांतिघांनी शीळ घातली.

"बुजिश, नवरदेव झालास की!"

"पोट कुठं ठेवून आलास?"

"आणलंय," सेवेरिन म्हणाला. "कळी घालून."

लुद्विका समोर आली. "हात मागं, सेवेरिन."

डावा हात गेला. डावा व्हॉल्व्ह बंद झाला, उघडला. मग उजवा निघाला. खांद्याच्या वर गेला, गालाशी आला, कानाशी आला. तिथं थांबला. बोटं हवेत चालत राहिली, काहीतरी धरायचं असल्यासारखी. सेवेरिनचा चेहरा हळूहळू बिटाच्या रंगाकडे निघाला. ओळीतलं हसणं बंद पडलं. कुणीतरी खोकलं. सगळ्यांनी एकाच वेळी समुद्राकडे बघायला सुरुवात केली.

"थांबा," यागोदा म्हणाली.

ती वाळूतून पुढं आली. "उगाच ओढू नका सेवेरिनराव, शिवण जाईल. मुंढा चुकलाय. घट्ट झालाय. माझं माप चुकलं."

ब्रूनोननं तोंड उघडलं. यागोदानं त्याच्याकडे नुसतं पाहिलं आणि त्यानं ते मिटलं.

"काय म्हणालीस?" लुद्विकानं विचारलं.

"माझी चूक आहे म्हणाले. सूट परत न्यावा लागेल."

मग ओळीला कंठ फुटला.

"यागोदाबाईचा सूट परत! ऐकलंत का रे!"

"बाई, एवढी वर्षं आमची डोकी खाल्लीत!"

"आज चर्चची घंटा वाजवा कुणीतरी!"

यागोदा टोमणे ऐकत उभी राहिली. वाटलं होतं त्यापेक्षा ते जास्त लागत होते.

लुद्विकानं हात वर केला आणि सगळे गप्प झाले. तिनं आयुष्यभर पोरांचे खांदे पाण्यात फिरताना पाहिले होते. ती सेवेरिनच्या उजव्या बाजूला गेली आणि त्याच्या काखेतलं कापड तिनं मुठीत धरलं. मूठ भरली, वर थोडं उरलंही. तिनं त्या कापडाकडे पाहिलं. यागोदाकडे पाहिलं. सेवेरिनकडे मात्र पाहिलं नाही.

"घट्ट आहे," मुठीतलं कापड न सोडता ती म्हणाली. "भलताच घट्ट. कसा शिवलायत हो हा? यात कुणाचाच हात पोचणार नाही. सेवेरिन, दुरुस्त होईपर्यंत तुला उतरता येणार नाही. माझा नाइलाज आहे."

"आता सूटच घट्ट म्हटल्यावर," सेवेरिन म्हणाला. त्यानं हात खाली घेतला. "कधी होईल, यागोदाबाई?"

"सांगता येत नाही. मुंढ्याचं काम अवघड असतं."

"घाई नाही."

"तोवर त्या काखेतल्या टाक्यांचं बघा की."

"गवळ्याचं?" सेवेरिननं पातेल्याकडे पाहिलं. "बघू. आधी हे लागतंय खाली." आणि ब्रूनोनकडून टाक्या उतरवून घेऊन, सूट अंगात तसाच ठेवून, तो सुपाकडे चालू लागला. "कुणी ठेवलं रे हे असं? जळका वास येतोय. ढवळायला नको?"

बाकीचे पाण्यात उतरले. डोकी एक एक करून दिसेनाशी झाली आणि बुडबुडे राहिले. सेवेरिन डाव्या हातानं पळी फिरवत होता आणि बुडबुडे मोजल्यासारखा बघत होता.

"मुंढा नक्की कुठं घट्ट होता?" ब्रूनोननं हळूच विचारलं.

"शिवण तुझ्या टेबलावर झाली ना?" यागोदा म्हणाली. "मग मला काय विचारतोस?"

लोक परत आले तेव्हा निळ्या ओठांनी एकच गोष्ट मागत होते. सेवेरिननं आधी प्रत्येकाच्या पाठीवरची चेन उघडून दिली, मग सूप दिलं. कुणाच्या चेनला मेण कमी आहे, कुणाच्या गळ्याच्या रबराला नखाचा ओरखडा आहे, हे ज्याचं त्याला सुनावलं. "सूट आहे की बारदान?" "पावडर कुठाय? बायकोची चोरायची, त्यात काय!" तरुण पोरं माना खाली घालून सूप प्यायली आणि दुसऱ्यांदा मागायला आली.

शेवटी किनाऱ्यावरच्या अग्निशमन दलाच्या शेडमागं गोड्या पाण्याचा पाइप सुरू झाला. खारं पाणी वाळायच्या आत सूट धुवायचा असतो. सगळे रांगेत उभे राहिले. सेवेरिनही आपला घेऊन आला. त्याच्यावर समुद्राचा थेंब नव्हता. सुपाचे दोन होते. लुद्विकानं त्याच्यासाठी पाइप धरला, आणि त्यानं चेनचा एक एक दात, मनगटांची रबरं, दोन्ही काखा, सगळं नीट, सावकाश धुतलं. मग सूट दांडीवर टांगला, इतरांचे होते तसाच, पायांना धरून, डोकं खाली. उलटा झाल्यावर दोन्ही बाह्या, हात वर केल्यासारख्या, गळ्याच्या पार पलीकडे सरळ सुटल्या, सारख्याच लांब, आणि त्यांच्या टोकांतून पाणी ठिबकायला लागलं.